आरोहीची मान

दिवेआगर,
२२ जून २०२५

देवव्रत,

माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही. शेजारच्या रघूच्या फोनवरून लावला तेव्हा लागला, पण माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. म्हणून हे टपालाने पाठवते. ठाण्याचा पत्ता अजून तोच असेल असं धरून चालले आहे.

वाडी विकायला आई आणि मी नाही म्हणालो, त्याचा तुझा राग मी समजू शकते. त्यावर आज काही लिहायचं नाही. हे पत्र तुझ्या लेकीबद्दल आहे.

आरोही बरी आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. सातवीत गेली. यंदा लेझीम पथकात घेतलंय तिला, त्यामुळे घरात दिवसभर उलथन्यावर चमचा वाजवत असते. आईचं डोकं उठतं, पण ती वाजवू देते. पोर हसती राहावी एवढंच आईला हवं असतं.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची होती. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळं झालंय. दिवाळीच्या सुमारास नुसती रेघ होती. आता कानापासून कानापर्यंत पट्टा आहे, हात लावला तर मखमलीसारखा जाड लागतो. काखेतही आहे. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिका ऑफिसात माझ्या टेबलाशी आल्या. मी त्याच शाळेत कारकून, त्यामुळे त्यांनाही अवघड झालं असणार. हळूच म्हणाल्या, "अंबिकाताई, आरोहीची मान जरा घासून आंघोळ घालत जा ना. बाकावरच्या मुली वास येतो म्हणतात."

वास येत नाही. मी घरी जाऊन हुंगून बघितलं.

तेव्हापासून आई रोज घासते आहे. आधी डाळीचं पीठ आणि दही लावलं. मग वाडीत कामाला येते त्या चंद्राबाईने सांगितलं, "ताई, लिंबू न मीठ लावा. मळ हाय तो, सुटंल." तेही केलं. आता नारळाच्या काथ्याने घासतो. आरोही पाठमोरी उभी राहते, नळाला धरून. रडत नाही. झालं का, एवढंच विचारते.

तिच्या आईला असं काही होतं का रे? वहिनी गेली तेव्हा आरोही तीन वर्षांची होती, मला तर वहिनीचा चेहराच नीट आठवतो, बाकी काही नाही. तुला आठवत असलं तर दोन ओळी कळव. नव्या वहिनीला, सुचिताला, माझा नमस्कार सांग.

ताई


दिवेआगर,
१३ जुलै

देवव्रत,

पावसाळ्यात इकडे टपालाची गाडी कधी येते, कधी येत नाही. तुझं उत्तर वाटेत असेल.

मधे एक चूक झाली. औषधांच्या दुकानातल्या मुलाने एक ट्यूब दिली, म्हणाला सगळे नेतात, आठवड्यात उजळतं. पहिले काही दिवस खरंच उजळल्यासारखं वाटलं. आरोही दोन आरसे धरून बघायची. मग कातडी लाल झाली, चुरचुरायला लागली, बारीक पुरळ उठलं. ट्यूब बंद केली तर आधीपेक्षा जास्त काळं. शेवटी एसटीने माणगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी मानेकडे एकदा पाहिलं, मग आरोहीला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. माझ्याशी बोलल्याच नाहीत.

"कोणी घासतं का हे?"

"हो, आजी," आरोही म्हणाली.

खोटं बोलली ती, देवव्रत. आईचे खांदे वर होत नाहीत, ती नुसतं पीठ कालवून देते. मीही तुला आईच घासते असं लिहिलं होतं. घासत होते मी.

"तुला सांगू का, हा मळ नाही," बाई म्हणाल्या. "जगातल्या कुठल्या साबणाने जायचा नाही, कारण तो बाहेरून आलेलाच नाही. आपण जेवतो त्याची रक्तात साखर होते. ती साखर अंगात जिरवायला शरीर इन्सुलिन नावाचं एक रसायन तयार करतं. तुझं शरीर त्या इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय. म्हणून ते आणखी तयार करतं, आणखी तयार करतं. ते जास्तीचं इन्सुलिन मानेच्या, काखेच्या कातडीला सांगत सुटतं की वाढ, वाढ. म्हणून ती जाड होते आणि काळी दिसते. यात तुझा आळस नाही, की घाण नाही. कळलं?"

आरोहीने मान हलवली. मग विचारलं, "मग हे शाळेत कोण सांगणार?"

बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं.

वजन अडुसष्ट किलो भरलं. तिच्या वयाला आणि उंचीला फार. रक्त दिलं. साखर अजून मधुमेहात बसत नाही, पण काठावर आहे. इन्सुलिन मात्र हवं त्याच्या तिप्पट. घरात कोणाला मधुमेह होता का असं विचारलं तेव्हा मी आपल्या बापूंचं सांगितलं. पायाची जखम कशी लपवत राहिले, पाय कापायला लागला आणि तरी उशीर झालाच होता, सगळं. आरोहीसमोर सांगायला नको होतं. परतीच्या एसटीत ती आपल्या पायांकडे बघत बसली होती.

मलम दिलंय, पण तो वरवरचा भाग आहे, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. खरं औषध म्हणजे वजन उतरणं, रोज तासभर खेळणं, गोड पेयं बंद. "उपाशी ठेवू नका. वेगळं ताट वाढू नका. सगळ्या घराचं ताट बदला," म्हणाल्या. "काही महिने लागतील. मान सगळ्यात शेवटी सुधारते, तोवर धीर सोडू नका."

तू तिच्याशी एकदा फोनवर बोललास तर बरं होईल. माझ्याशी नको. तिच्याशी.

ताई


दिवेआगर,
५ ऑगस्ट

देवव्रत,

हे पत्र लिहायला मला तीनदा बसावं लागलं. आरोही आता ठीक आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

घराचं ताट बदला, हे सांगायला सोपं आहे. आपल्या घरात पैसे देऊन राहून-जेवून जाणाऱ्या पाहुण्यांवर आपण जगतो. शनिवार-रविवार पुण्यामुंबईची माणसं येतात, त्यांना मोदक हवेत, खांडवी हवी, तळलेलं हवं. तो वास घरभर असताना मी पोरीपुढे पडवळाची भाजी आणि भाकरी ठेवायची. आईने दोन दिवस तेच वाढलं. तिसऱ्या दिवशी तिने आरोहीच्या ताटात भात वाढला, वर तूप ओतलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला पोर झालं असतं तर कळलं असतं." मी उठून मागीलदारी गेले. तिचंही काय चुकतं? आई नसलेल्या पोरीला तिला दुसरं देता काय येतं?

रोज शाळेतून आल्यावर आम्ही सुरूच्या बनातून चालायला जायचो. पहिले काही दिवस छान गेले. कुठल्या सुरूवर घारीचं घरटं आहे ते ती मला दाखवायची. मग एका रविवारी एक गाडी हळू झाली, आत कॉलेजची मुलं होती, एकाने मोबाईल बाहेर काढून ओरडून काहीतरी म्हटलं. मी ते लिहीत नाही. आरोही त्यांच्याबरोबर हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आत्या, माझं पोट दुखतंय, आज नको. त्यानंतर रोजच पोट दुखायला लागलं.

मग एका पाहुण्याने फ्रिजमधली थंड पेयाची बाटली घेतली, तर झाकण आधीच सैल, आणि आत कोकमाचं पाणी. पाहुणा माझ्यावर चिडला. मी सगळ्या बाटल्या बघितल्या. पाच-सहा तशाच होत्या. आरोही दाराआड उभी होती. मी ओरडले नाही. पण काहीही न बोलता तिच्यासमोर एकेक बाटली मोरीत ओतली, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं असं मला आता वाटतं.

एवढ्यात लेझीमची रंगीत तालीम आली. पंधरा ऑगस्टला सगळ्या मुलींनी दोन वेण्या घालून पांढऱ्या रिबिनी बांधायच्या, असा नियम. आरोही केस मोकळे सोडायची, मान झाकायला. मी लेझीमच्या सरांना जाऊन भेटले, आजाराचं सांगितलं. ते चांगले आहेत, म्हणाले, "बरं, तिला फलक धरू दे पुढे, लेझीम नको." त्यांना वाटलं त्यांनी सोय केली. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

त्या शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. न्हाणीघरात पाणी वाहत होतं. बराच वेळ वाहत होतं. चंद्राबाई मागच्या दाराने आली आणि म्हणाली, "ताई, पोरगी दार उघडत न्हाय. कसला तरी वास येतोय." तो वास ब्लीचिंग पावडरचा होता, पाहुण्यांची न्हाणी धुवायला आणतो ती. आम्ही दोघींनी दाराला धक्के दिले, कडी निघाली. आरोही खाली बसली होती. हातात तारेची घासणी. फ्रॉक मानेला चिकटला होता.

मला एवढंच म्हणाली, "आत्या, मला माहितीय तो मळ नाही. पण घासताना थोडा वेळ वाटतं की निघेल."

नंतर ताप चढला, पू झाला. माणगावला ठेवावं लागलं. रोज ड्रेसिंग करताना ती माझा अंगठा धरायची. डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "जखम भरेल. पण भरल्यावर तिथलं आणखी काळं दिसेल काही दिवस. तिला आत्ताच सांगून ठेवा."

"मी काय करू?" मी विचारलं.

"करताय तेच."

"त्याने काही होत नाहीये."

त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "हो. पुष्कळदा लवकर काही होत नाही." एवढ्या शिकलेल्या बाई, पण त्यांच्याकडेही त्याहून जास्त काही नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. उलट तिथल्या बाकावर त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसून राहावंसं वाटलं.

हे सगळं वाचून तू येशील असं मी आईला सांगितलं आहे.

ताई


दिवेआगर,
२४ ऑगस्ट

देवव्रत,

रघूने निरोप दिला की तू गणपतीला येतोयस. आईने लगेच माळ्यावरची समई काढायला लावली.

आरोहीची जखम भरली आहे. कातडी नाजूक आहे, आणि बाई म्हणाल्या होत्या तसं काळंही जास्त दिसतं. तू दचकू नयेस म्हणून लिहिते. वजनाबद्दल काही बोलू नकोस. येताना गोड आणू नकोस. तिच्यासाठी काही आणायचंच असेल तर बॅडमिंटनच्या रॅकेट आण, तिला खेळायला आवडेल.

काल मी तिला म्हटलं, बाबा आला की तूच सांग त्याला सगळं, डॉक्टर काय म्हणाल्या ते. ती म्हणाली, "तू लिहिलंयस ना सगळं? मग मला नाही सांगावं लागणार. बरं झालं."

पत्रं पेटीत तीच टाकते, हे तुला मी सांगितलं नव्हतं. तुझं नाव वाचते, मग टाकते.

ताई


दिवेआगर,
३१ ऑगस्ट

देवव्रत,

हे पाकीट तू फोडणार नाहीस हे आता मला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही आणि आईला सांगता येत नाही.

तू आलास, हातात पेढ्यांचे बॉक्स आणि चॉकलेटचा डबा. आरोहीने नवा ड्रेस घातला होता. ती तुझ्या पाया पडायला वाकली आणि तिचे केस दोन्ही बाजूंना पडले.

"अगं, हे काय!" तू म्हणालास. हसून म्हणालास, तेच मला विसरता येत नाही. "आत्या आंघोळ घालते की नाही तुला?" खिशातून रुमाल काढलास, पूजेच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवलास आणि तिच्या मानेवरून फिरवायला लागलास. प्रेमानेच. लहानपणी बापू आपली तोंडं पुसायचे तसं.

"बाबा, तो मळ नाही," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"आत्याने लिहिलंय ना तुला."

"हो हो, वाचलंय की." तुझा हात चालूच होता.

आरोहीने माझ्याकडे बघितलं. ती रडली असती तर मी तुझा हात धरला असता. ती फक्त उभी राहिली, मान खाली घालून, न्हाणीघरात उभी राहते तशी, आणि शेवटी विचारलं, "झालं का?" आई देवापाशी, पाहुणे ओटीवर, आणि मी हातात ओवाळणीचं ताट घेऊन तशीच. सणाच्या दिवशी तमाशा नको म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते आहे.

चार पत्रं, देवव्रत. त्यातलं एक जरी तू फोडलं असतंस तर तुझा रुमाल खिशातच राहिला असता.

दीड दिवसाचं विसर्जन झालं आणि तू गेलास. त्याआधी सकाळच्या आरतीला तू देवापुढे डोकं टेकवलंस. सदरा मागे सरकला. मी तुझ्या मागेच होते. कॉलरच्या आत, मानेवर, तोच पट्टा. तसाच जाड, तसाच मखमली. मी घंटा वाजवायची थांबले. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, हात दुखला.

तू माझ्याशी अख्ख्या मुक्कामात फक्त "चहा आहे का" एवढंच बोललास, तेव्हा तुला हे कुठे आणि कसं सांगायचं होतं? गाडीपाशी आले होते मी. तू काच वर केलीस.

संध्याकाळी आम्ही दोघी नैवेद्याची भांडी घासत होतो. आरोही म्हणाली, "आत्या, बाबाच्या मानेवर पण आहे."

"कधी पाहिलंस?"

"तो वाकला तेव्हा. तू पण पाहिलंस. तू घंटा थांबवलीस." मग म्हणाली, "बापूआजोबांसारखं त्याचं पण होईल का?"

मी ते एकच पातेलं पुन्हा घासत राहिले.

"त्याला माहीतच नसेल," ती म्हणाली. "मागचं आपलं आपल्याला दिसत नाही ना."

ताई


दिवेआगर,
२१ सप्टेंबर

(पोस्टकार्ड)

देवव्रत, हे फोडावं लागत नाही, म्हणून यावर लिहिते. टपालवाल्याने वाचलं, सुचिताने वाचलं तरी चालेल, कोणीतरी तुला सांगेल. तुझ्या मानेवर मागे काळं झालं आहे. ते घासू नकोस. उपाशीपोटी साखर तपास, डॉक्टरांना बापूंचं सांग. आरोहीची साखर या वेळी आणखी थोडी वर गेली. गोळी सुरू केली आहे, सकाळी उलटीसारखं होतं तिला, तरी शाळेत जाते. मान तशीच आहे. आई आता भात कमी वाढते. खालची जागा आरोहीला हवी आहे.

बाबा, रक्त काढताना दुखत नाही. सुई एकदम बारीक असते. दुसरीकडे बघायचं. आणि कोणी म्हणालं की मान धू, तर त्यांना सांग हा मळ नाही. आधी ऐकत नाहीत. — आरोही